५०० जीबी + तीन १ टीबी असा जुना रेड-०, डेबियन १२ वर उभा राहत नाही: डिफॉल्ट लेआउट १ की २?

उद्यमबाग_पॅटर्न
नमस्कार मंडळी. उद्यमबागेतल्या फाउंड्रीच्या पॅटर्न विभागाचा फाइल सर्व्हर आहे. कास्टिंगची ड्रॉइंग, सीएनसी प्रोग्राम, जुन्या कागदी ड्रॉइंगचे स्कॅन, सगळं एकाच एमडी (लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड) अ‍ॅरेवर आहे. माहिती अशी:

रेड-० (डेटा तुकड्यांनी सगळ्या डिस्कवर वाटलेला, जादा प्रत नाही), चार डिस्क. एक ५०० जीबी, तीन १ टीबी. प्रत्येकीवर एकच पार्टिशन, २०४८ व्या सेक्टरपासून. चंक (एका डिस्कवर सलग जाणारा तुकडा) ५१२ के, मेटाडेटा १.२, वर ईएक्सटी४ फाइलसिस्टिम, ब्लॉक ४ के. अ‍ॅरे २०१३ मध्ये उबंटू १२.०४ वर बनवला, पुढे त्याच मशीनवर १४.०४ आलं. ऑपरेटिंग सिस्टिम वेगळ्या १२० जीबी एसएसडीवर होती. ती एसएसडी काढून जपून ठेवली आहे, पुसलेली नाही.

मदरबोर्ड गेला म्हणून नवा बोर्ड, नवी एसएसडी आणि डेबियन १२ टाकलं. कर्नल ६.१, एमडीअ‍ॅडम ४.२ (अ‍ॅरे जोडायचं साधन). चारही डिस्क दिसतात, एक्झामिन केलं की चौघींवर एकच अ‍ॅरे यूयूआयडी येतो, पण असेंबल करताना "फेल्ड टू रन अ‍ॅरे, अननोन एरर ५२४" येऊन थांबतं. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) दोन ओळी आहेत: "कॅनॉट असेंबल मल्टी-झोन रेड० विथ डिफॉल्ट_लेआउट सेटिंग" आणि "प्लीज सेट रेड०.डिफॉल्ट_लेआउट टू १ ऑर २".

एकाने सांगितलं, आधी १ टाकून बघा, नाही झालं तर २ टाका, ज्याच्यावर माउंट होईल तो बरोबर. हे खरं आहे का? बॅकअप २०२१ पर्यंतचाच आहे. फाइलींची नावं मराठी आणि कन्नड दोन्हींत आहेत, नावं गेली तर जॉब शोधणं अशक्य होईल. म्हणून अजून काहीही लिहिलेलं नाही.

कॅम्प_सर्व्हिस
२ टाका. सध्याचे सगळे कर्नल ३.१४ च्या पुढचेच आहेत, त्यामुळे लेआउट २ च असणार. ग्रबमध्ये ओळ टाका, रीबूट करा, एफएससीके (फाइलसिस्टिमची दुरुस्ती) मारा, झालं.

सीमाभाग_कर्नल
@कॅम्प_सर्व्हिस, नका ओ असं सांगू. आज कुठला कर्नल चालतोय याचा इथे काही संबंध नाही. त्या डिस्कवर डेटा लिहिला तेव्हा कुठला कर्नल होता ते बघावं लागतं. आणि लेआउट नक्की व्हायच्या आधी एफएससीके म्हणजे डेटा हाताने मोडणं.

@उद्यमबाग_पॅटर्न, "माउंट झालं की बरोबर" हे सपशेल चूक आहे. तुमच्या अ‍ॅरेवर १ टाकलं तरी माउंट होईल आणि २ टाकलं तरी होईल. का, ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

रेड-० मध्ये डिस्क वेगवेगळ्या आकाराच्या असल्या की कर्नल अ‍ॅरेचे झोन पाडतो. पहिला झोन सगळ्यात लहान डिस्क संपेपर्यंत, चारही डिस्कवर. दुसरा झोन उरलेल्या तीन डिस्कच्या उरलेल्या जागेत. पहिल्या झोनमध्ये घोळ नाही. दुसऱ्या झोनमध्ये एखादा चंक तिघींपैकी कुठल्या डिस्कवर आहे, ते काढायच्या दोन पद्धती झाल्या. ३.१४ च्या आधीचे कर्नल अ‍ॅरेच्या सुरुवातीपासूनचा चंक क्रमांक घेऊन त्याला तीनने भागत आणि बाकी येईल ती डिस्क धरत. २०१४ च्या मार्चमध्ये ३.१४ आला, त्यात ब्लॉक लेयरच्या फेरबदलात हा क्रमांक नकळत झोनच्या सुरुवातीपासून मोजला जाऊ लागला. मुद्दाम केलेला बदल नव्हता, म्हणून कुठे नोंद नाही, इशारा नाही. २०१९ मध्ये तो लक्षात आला, आणि ५.४ पासून (मागच्या स्थिर मालिकांतही तो आणला गेला) कर्नल अंदाज न करता थेट नकार देतो. १ म्हणजे मूळ मांडणी, २ म्हणजे ३.१४ नंतरची. तुम्हाला आलेला ५२४ हा तोच नकार आहे. डिस्क खराब झालेली नाही.

आता माउंट दोन्हींवर का होतं? ईएक्सटी४ चा मुख्य सुपरब्लॉक (फाइलसिस्टिमची मूळ माहिती), ग्रुप डिस्क्रिप्टर, रूट डिरेक्टरी हे सगळं अगदी सुरुवातीला, म्हणजे पहिल्या झोनमध्ये. ते दोन्ही मांडण्यांत सारखंच वाचलं जातं. फोल्डर दिसतात, अर्ध्याहून जास्त फाइली उघडतात, माणूस खूश होतो. दुसऱ्या झोनमधल्या इनोड (प्रत्येक फाइलीची नोंद) टेबलांचे आणि फाइलींचे चंक मात्र आपापसात फिरलेले असतात. त्यावर एफएससीके चालवला की तो त्या इनोडना कचरा समजून साफ करतो, आणि वाचलेलं लॉस्ट-अँड-फाउंडमध्ये टाकतो. तिथे फाइलीचं नाव म्हणजे हॅशचं चिन्ह आणि इनोड क्रमांक. तुमची मराठी-कन्नड नावं तिथेच संपली.

तर आधी एवढं कळवा: पाचशेच्या डिस्कचं आणि एका टीबीच्या डिस्कचं एक्झामिनमधलं अव्हेल डेव्ह साइझ, डेटा ऑफसेट, फीचर मॅप. आणि जुनी एसएसडी दुसऱ्या मशीनला फक्त-वाचनात लावून बूट फोल्डरमध्ये कुठकुठले कर्नल आहेत ते बघा. उबंटू १४.०४ म्हटलं म्हणून ३.१३ च असेल असं नाही. १४.०४.२ पासून इन्स्टॉल सीडीसोबत पुढच्या आवृत्त्यांचे कर्नल येत गेले: ३.१६, ३.१९, ४.२, आणि १४.०४.५ ला ४.४. त्या सीडीने बसवलं असेल तर उत्तर बदलतं. व्हार-लॉगमधल्या कर्न.लॉग आणि डीपीकेजी.लॉग, त्यांच्या दाबून ठेवलेल्या जुन्या प्रतींसकट, झेडग्रेपने "लिनक्स व्हर्जन" आणि "लिनक्स-इमेज" शोधा.

उद्यमबाग_पॅटर्न
धन्यवाद सर. पाचशेची: अव्हेल डेव्ह साइझ ९७६७६९०७२ सेक्टर, डेटा ऑफसेट २०४८. टीबीच्या तिन्ही: १९५३५२१०७२ सेक्टर, ऑफसेट तोच. फीचर मॅप चौघींवर ०एक्स०. बूट फोल्डरमध्ये ३.२ चा एक आणि ३.१३ चे पाच कर्नल आहेत, त्यापुढचा एकही नाही. लॉगमध्येही ३.१३ च येतो, पण लॉग फार मागचे नाहीत. म्हणजे १ धरू का? डिस्कची अक्षरं नव्या बोर्डवर बदलली आहेत, आधी एसडीबी होती ती आता एसडीडी. त्याने काही होतं का?

सीमाभाग_कर्नल
अक्षरं बदलू देत. कोण कितवी हे प्रत्येकीच्या एमडी सुपरब्लॉकमध्ये लिहिलेलं असतं, एमडी तेच बघतो.

१ असण्याची शक्यता मोठी आहे. पण शक्यतेवर का थांबा, डिस्कलाच विचारू. तुमच्या आकड्यांवरून हिशेब असा.

चंक ५१२ के म्हणजे १०२४ सेक्टर. पाचशेच्या डिस्कवर पूर्ण चंक ९५३८७६. चार डिस्क, म्हणजे पहिला झोन ३८१५५०४ चंकांचा. ४ के ब्लॉकमध्ये मोजलं तर दुसरा झोन ४८८३८४५१२ व्या ब्लॉकपासून सुरू होतो. हा आकडा लिहून ठेवा, पुढे लागेल.

ईएक्सटी४ सुपरब्लॉकच्या प्रती ठरावीक ब्लॉक-ग्रुपमध्ये ठेवतं: १ ला ग्रुप, आणि ३, ५, ७ यांचे घात. एक ग्रुप ३२७६८ ब्लॉकचा. तुमच्या अ‍ॅरेत साधारण २६०८२ ग्रुप आहेत आणि दुसरा झोन १४९०४ व्या ग्रुपच्या मध्येच सुरू होतो. त्यापुढे पडणारे घात तीनच: ५ चा सहावा म्हणजे १५६२५, ७ चा पाचवा म्हणजे १६८०७, ३ चा नववा म्हणजे १९६८३. त्यांचे पहिले ब्लॉक ५१२००००००, ५५०७३१७७६ आणि ६४४९७२५४४. या तीन ठिकाणी सुपरब्लॉकची प्रत असायलाच हवी. बरोबर मांडणीत ती सापडेल, चुकीच्या मांडणीत त्या जागी शेजारच्या डिस्कवरचा चंक वाचला जाईल आणि "बॅड मॅजिक नंबर" येईल.

हे तुमच्या अ‍ॅरेवर खरंच फरक दाखवेल का, तेही तपासू. ३८१५५०४ ला ३ ने भागलं तर बाकी २ उरते. शून्य उरली असती तर दोन्ही मांडण्या एकच झाल्या असत्या आणि चाचणीला अर्थ राहिला नसता. ५१२०००००० वा ब्लॉक म्हणजे अ‍ॅरेचा ४०००००० वा चंक. मूळ पद्धतीने बाकी १, म्हणजे तिघींतली दुसरी डिस्क. झोनच्या सुरुवातीपासून तो १८४४९६ वा, बाकी २, म्हणजे तिसरी डिस्क. फरक आहे, चाचणी चालेल.

हे सगळं मूळ डिस्कवर करू नका. २०१३ च्या डिस्क आहेत, त्यात रेड-०. एक गेली की चारही गेल्या. आधी एक ४ टीबीची नवी डिस्क घ्या. चारही मिळून ३५०० जीबी होतात, ईएक्सटी४ केलेल्या ४ टीबीवर चार इमेज फाइली बसतात. डीडीरेस्क्यूने एकेक डिस्क पूर्ण उतरवा, प्रत्येकीची मॅपफाइल वेगळी. पहिली फेरी "नो-स्क्रेप" पर्यायाने, म्हणजे खराब जागेवर तो अडकून बसत नाही. मग त्याच मॅपफाइलवर दुसरी फेरी तीन वेळा पुन्हा प्रयत्न करायला सांगून. सरासरी १०० एमबी प्रतिसेकंद धरला तर एकूण दहाएक तास लागतील. पावसात मध्येच वीज गेली तरी मॅपफाइलमुळे काम थांबलं तिथूनच पुढे चालू होतं. साध्या डीडीला ही सोय नाही.

इमेज झाल्या की मूळ डिस्क काढून कपाटात. मग:

एमडीअ‍ॅडमच्या कॉन्फ फाइलमध्ये "ऑटो -ऑल" ही ओळ टाका आणि इनिटरामएफएस पुन्हा बनवा. नाहीतर लूप डिव्हाइस (डिस्कसारखी जोडलेली इमेज फाइल) दिसताच यूडेव्ह स्वतःच अर्धवट अ‍ॅरे उभा करतो, तो एमडी१२७ नावाने "इनअ‍ॅक्टिव्ह" दिसतो आणि तुमच्या असेंबलला "डिव्हाइस बिझी" येतं. आधीच तसा उभा असेल तर स्टॉप करा.

चारही इमेज लोसेटअपने फक्त-वाचन आणि पार्टिशन-स्कॅन हे दोन पर्याय देऊन जोडा. प्रत्येक पार्टिशनवर डीएमसेटअपने स्नॅपशॉट चढवा: बदल साठवायला २० जीबीची विरळ फाइल, तिचा वेगळा लूप, प्रकार "एन", तुकडा ८ सेक्टर. आता लिहिलं गेलं तरी ते त्या विरळ फाइलीत जाईल, इमेज तशीच राहील.

मोडप्रोबने रेड० मॉड्यूल डिफॉल्ट_लेआउट=१ देऊन चढवा. आधीच चढलेलं असेल तर सिसएफएसमध्ये त्या मॉड्यूलच्या पॅरामीटर्समध्ये याच नावाची फाइल आहे, तिच्यात १ लिहा. मग चार स्नॅपशॉटची नावं स्पष्ट देऊन, रीडओन्ली पर्यायाने असेंबल करा. इथे स्कॅन पर्याय वापरू नका. एकच यूयूआयडी खालच्या लूपवर आणि वरच्या स्नॅपशॉटवर दोन्हीकडे दिसतो, तो कुठलाही उचलेल.

मग डम्पई२एफएस, हेडरपुरतं, ओ पर्यायाने सुपरब्लॉक=५१२०००००० आणि दुसऱ्या ओ ने ब्लॉकसाइझ=४०९६. उघडलं तर फाइलसिस्टिम यूयूआयडी मुख्य सुपरब्लॉकशी ताडून बघा. उरलेल्या दोन ठिकाणीही तेच करा. मग अ‍ॅरे स्टॉप, फाइलीत २ लिहा, पुन्हा असेंबल, पुन्हा तीच तीन ठिकाणं. दोन्हीकडचे निकाल इथे टाका.

शहापूर_लूम
माझ्याकडे जवळपास हेच आहे, तीन डिस्क, ५०० जीबी आणि दोन १ टीबी, पार्टिशन आणि चंक यांच्यासारखेच. लूमच्या डिझाइन फाइली आहेत. फरक एवढाच की १२.०४ वर बनवून नंतर १६.०४ वर चालवला, म्हणजे ४.४. तीन वर्षं चालला, कधी एरर नाही. आता तोच ५२४ येतो. दोन्ही कर्नलवर लिहिलंय म्हटल्यावर माझं काय?

सीमाभाग_कर्नल
तुमचं अव्हेल डेव्ह साइझ खरंच त्यांच्याएवढंच असेल तर तुम्ही सुटलात. पहिला झोन तीन गुणिले ९५३८७६ म्हणजे २८६१६२८ चंक. दुसऱ्या झोनमध्ये दोनच डिस्क, म्हणून दोनने भागायचं. आकडा सम, बाकी शून्य. दोन्ही मांडण्या तुमच्याकडे एकच आहेत, म्हणूनच १६.०४ वर काही बिघडलं नाही. कर्नल हा हिशेब करत नाही, त्याला झोन दोन दिसले की तो विचारतो. १ द्या किंवा २ द्या, एकच गोष्ट. पण आधी आकडा स्वतः एक्झामिनमधून घ्या. डेटा ऑफसेट किंवा चंक वेगळा असला तर हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

दोनच डिस्कचा रेड-० असेल तर तिथेही प्रश्न नाही, दुसऱ्या झोनमध्ये एकच डिस्क उरते. २०२२ मध्ये कर्नलमध्ये तेवढी सूट आली, त्याआधीचे ५.४ नंतरचे कर्नल दोन डिस्कलाही अडवतात.

आणि बाकी शून्य नसताना दोन्ही प्रकारच्या कर्नलवर लिहिलेलं असेल, तर कुठलाही एक आकडा पूर्ण बरोबर नसतो. ३.१४ आधीच्या फाइली १ वर नीट, नंतरच्या २ वर. अशा वेळी दोन्ही मांडण्यांत आळीपाळीने रीडओन्ली उभं करून सगळं दोन वेगळ्या फोल्डरांत उतरवायचं आणि फाइलवार तपासून निवडायचं. वरची सुपरब्लॉकची चाचणी अशा अ‍ॅरेवर फक्त एमकेएफएस (फाइलसिस्टिम बनवणं) कुठल्या कर्नलवर झालं एवढंच सांगते, कारण रोजच्या वापरात ईएक्सटी४ त्या प्रती लिहीत नाही.

उद्यमबाग_पॅटर्न
इमेज झाल्या. पाचशेच्या डिस्कवर ८ सेक्टर वाचले गेले नाहीत, बाकी तिन्ही पूर्ण. निकाल:

लेआउट १: ५१२००००००, ५५०७३१७७६, ६४४९७२५४४ तिन्ही उघडतात, यूयूआयडी मुख्य सुपरब्लॉकशी जुळतो.
लेआउट २: तिन्ही ठिकाणी बॅड मॅजिक नंबर.

आता माउंट करू का?

सीमाभाग_कर्नल
करा, पण "आरओ" सोबत "नोलोड" हवंच. नुसतं आरओ दिलं तरी ईएक्सटी४ जर्नल चालवतं, म्हणजे लिहितं. स्नॅपशॉटमुळे इमेजला धक्का लागणार नाही, तरी सवय तीच ठेवा.

मग शेवटच्या काळात लिहिलेल्या मोठ्या फाइली तपासा. फाइलफ्रॅगला व्ही पर्याय दिला की फाइलीचे ब्लॉक कुठे आहेत ते दिसतं. फिजिकल ऑफसेट ४८८३८४५१२ किंवा जास्त असलेल्या फाइली दुसऱ्या झोनमधल्या. डिस्क अर्धीच भरली होती म्हणून दुसरा झोन रिकामा असेल असं समजू नका, ईएक्सटी४ नवी फोल्डरं पूर्ण अ‍ॅरेभर पसरवत जातं. अशा वीस-पंचवीस फाइली घ्या: झिप असेल तर अनझिपची चाचणी, जीझिपची तशीच, पीडीएफ असेल तर क्यूपीडीएफचा चेक. स्कॅन दीड एमबीहून मोठा असेल तर उत्तम, कारण तेवढ्यात तीन चंकांची एक पूर्ण ओळ येते आणि क्रम चुकला तर फाइल उघडणारच नाही.

न वाचलेले ८ सेक्टर कुठल्या फाइलीत पडले ते मॅपफाइलमधल्या बाइट स्थानावरून काढता येतं. स्थानाला ५१२ ने भागून सेक्टर काढा, त्यातून पार्टिशनची सुरुवात २०४८ आणि डेटा ऑफसेट २०४८ वजा करा. १०२४ ने भागलं की त्या डिस्कवरचा चंक आणि उरलेली बाकी मिळते. पाचशेची डिस्क पूर्णच पहिल्या झोनमध्ये आहे, म्हणून अ‍ॅरेचा चंक म्हणजे तो क्रमांक गुणिले चार अधिक त्या डिस्कची भूमिका, शून्यापासून मोजलेली. त्याला १२८ ने गुणा, बाकीला ८ ने भागून मिळवा, हा ईएक्सटी४ चा ब्लॉक. डीबगएफएसमध्ये आयचेकने ब्लॉकवरून इनोड, एनचेकने इनोडवरून नाव.

निपाणीकर_एनएएस
कॉपीबद्दल थोडं. फाइली बाहेर काढताना लक्ष्य डिस्क एक्सफॅट ठेवू नका. जॉब नंबरमध्ये कोलन किंवा प्रश्नचिन्ह असेल तर एक्सफॅट ते नाव घेत नाही. ईएक्सटी४ वरच घ्या. तिथे मर्यादा २५५ बाइटची, देवनागरी आणि कन्नडचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, आणि काना-मात्राही वेगळी चिन्हं धरली जातात. जुन्या अ‍ॅरेवर जे नाव बसलं ते नव्या ईएक्सटी४ वरही बसतंच. आरसिंकला अर्काइव्ह, हार्डलिंक, एसीएल आणि एक्स-अ‍ॅट्रिब्यूट हे पर्याय द्या. पहिली कॉपी झाल्यावर तीच आज्ञा चेकसम आणि ड्रायरन लावून पुन्हा चालवा. एकही ओळ फाइलीचं नाव दाखवत असेल तर ती फाइल पुन्हा काढा.

नव्या अ‍ॅरेला समान आकाराच्या डिस्क घ्या. दोन ४ टीबी रेड-१ मध्ये पुरतील. मेटाडेटा १.२ च राहू द्या, आतला बिटमॅप चालू ठेवा, म्हणजे वीज गेल्यावर पूर्ण ४ टीबीचं रीसिंक न होता फक्त मळलेला भाग तपासला जातो.

संकेश्वर_ऑफिस
थोडा वेगळा प्रश्न, पण कर्नलचाच. लिनिअर अ‍ॅरे आहे, दोन डिस्क एकामागे एक. २२.०४ वर चालत होता, २४.०४ केलं तर "पर्सनॅलिटी फॉर लेव्हल -१ इज नॉट लोडेड" येतं. लेआउटचाच प्रकार का?

सीमाभाग_कर्नल
नाही, हा वेगळा प्रकार. ६.८ मध्ये एमडीतून लिनिअर आणि मल्टिपाथ काढून टाकले, आणि २४.०४ मूळचं ६.८ वर आहे. मॉड्यूलच नाही, त्यामुळे कुठलंही पॅरामीटर देऊन चालणार नाही. लिनिअर ६.१४ मध्ये परत आलं. तुमच्या डिस्कवर सगळं जागेवर आहे. २२.०४ ची किंवा डेबियन १२ ची लाइव्ह पेनड्राइव्ह लावा, ५.१५ आणि ६.१ दोन्हींत लिनिअर आहे, आणि डेटा काढून घ्या. २४.०४ वरच हवं असेल तर ६.१४ किंवा पुढचा कर्नल बसवा. डीएम-लिनिअरने हाताने जोडताही येतं, पण प्रत्येक डिस्कचा डेटा ऑफसेट आणि राउंडिंगने खाली आणलेला आकार सेक्टरनिशी बरोबर द्यावा लागतो. एक सेक्टर चुकला की दुसऱ्या डिस्कवरचं सगळं सरकतं. नवीन काही बनवायचं असेल तर एलव्हीएम घ्या.

उद्यमबाग_पॅटर्न
सव्वीस फाइली तपासल्या, सगळ्या दुसऱ्या झोनमधल्या, सगळ्या नीट. ८ सेक्टर एका जुन्या स्कॅनमध्ये पडले, ती फाइल २०२१ च्या बॅकअपमध्ये मिळाली. कॉपी दोनदा ताडून नव्या रेड-१ वर घेतली. आता जुन्या चार डिस्कचं काय करू? वर्षभर तशाच ठेवायच्या आहेत. ग्रबमध्ये डिफॉल्ट_लेआउट=१ ठेवू का?

सीमाभाग_कर्नल
ग्रबमध्ये नको. ते पॅरामीटर पूर्ण मशीनला लागू होतं, एका अ‍ॅरेला नाही. उद्या कुणी २ च्या मांडणीचा दुसरा संच त्याच मशीनला लावला तर तो मुकाट्याने चुकीच्या मांडणीत उभा राहील आणि त्यावर लिहिलंही जाईल.

मांडणी डिस्कवरच नोंदवून ठेवा. चारही जोडून, मूळ पार्टिशनची नावं देऊन असेंबल, सोबत अपडेट=लेआउट-ओरिजिनल. याला एमडीअ‍ॅडम ४.२ लागतो, तो तुमच्याकडे आहे. नंतर एक्झामिनमध्ये फीचर मॅप ०एक्स१००० दिसायला हवा, चौघींवर. लगेच स्टॉप करा, माउंट करू नका. यापुढे कुठल्याही ५.४ नंतरच्या कर्नलवर न विचारता बरोबर उभं राहील.

याची दुसरी बाजू अशी की ज्या जुन्या कर्नलला हे बिट माहीत नाही तो आता या डिस्क घेणारच नाही, कारण अनोळखी फीचर बिट दिसलं की एमडी सुपरब्लॉक नाकारतो. तुमची १४.०४ ची एसएसडी लावून बघाल तर "इन्व्हॅलिड सुपरब्लॉक"सारखं काहीतरी येईल. तेव्हा घाबरून क्रिएट करू नका. खरंच जुन्यावर उभं करायचं झालं तर नव्या मशीनवर अपडेट=लेआउट-अनस्पेसिफाइड देऊन बिट काढता येतं.

मेटाडेटा ०.९० वाल्यांसाठी: त्यात ही नोंद करायला जागाच नाही. तिथे पॅरामीटरच द्यावं लागतं, तेही शक्यतो मोडप्रोबच्या ऑप्शनमधून आणि डेटा काढून होईपर्यंतच.

उद्यमबाग_पॅटर्न
केलं. चौघींवर ०एक्स१०००. डिस्कवर मार्करने भूमिका ०, १, २, ३, "लेआउट ओरिजिनल" आणि "५.४ च्या आधीच्या कर्नलला लावू नये" असं मराठी आणि कन्नडमध्ये लिहिलं आहे, शिफ्टला दोन्हीकडची माणसं असतात. इमेजची ४ टीबी डिस्क वेगळ्या कपाटात.

सीमाभाग_कर्नल
कॉन्फ फाइलमधली "ऑटो -ऑल" ओळ काढली का? ती राहिली तर अ‍ॅरे ओळ नसलेला नवा रेड-१ पुढच्या बूटला आपोआप उभा राहणार नाही. ओळ काढा, डिटेल-स्कॅनने येणारी अ‍ॅरे ओळ कॉन्फमध्ये टाका, इनिटरामएफएस पुन्हा बनवा, आणि शिफ्ट सुरू व्हायच्या आधी एकदा रीबूट करून एमडी१२७ ऐवजी तुमचंच नाव दिसतंय ना ते बघा.